आनंदी-गोपाळ : दोघांचा रस्ता

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती एक आगबोट. कलकत्त्याचा धक्का, १८८३ सालच्या एप्रिल महिन्याची सातवी तारीख, अठरावे वर्ष नुकतेच पुरे केलेली एक मराठी मुलगी आणि पुढे पसरलेले पाणी. शाळेतल्या धड्यांनी, सभांतल्या भाषणांनी आणि अलीकडे चित्रपटानेही हेच चित्र आपल्या मनावर ठसवले आहे. चित्र खोटे नाही. पण त्यात एक माणूस कमी आहे, आणि त्या धक्क्यापर्यंत येणारा रस्ताही कमी आहे. तो माणूस म्हणजे गोपाळराव जोशी, आणि तो रस्ता म्हणजे या जोडप्याने कल्याणपासून कलकत्त्यापर्यंत मिळून केलेला, काही वर्षे चाललेला प्रवास. आनंदीबाईंवर मराठीत जे लेखन झाले त्याचा विचार मला या रस्त्याच्या अंगाने करावयाचा आहे. कारण या रस्त्याला आपल्या वाङ्मयाने पुरता न्याय दिलेला नाही, असे माझे मत आहे.

प्रथम रस्ता पाहू. गोपाळराव पोस्टखात्यात नोकर. १८७४ साली लग्न झाले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची, माहेरचे नाव यमुना. नवरा बिजवर, तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास. कल्याणला सासर-माहेरच्या माणसांच्या गराड्यात तो पुरा होईना, म्हणून बदल्या. आज बदलीचा हुकूम आला की आपण कपाळाला हात लावतो. गोपाळरावांनी बदली हेच शिक्षणाचे साधन केले. अलिबाग, मग कोल्हापूर, मग मुंबई, मग भूज, मग कलकत्ता आणि तेथून जवळचे श्रीरामपूर. नकाशावर ही गावे बोटाने जोडून पाहावीत. पश्चिम किनाऱ्यापासून गंगेच्या मुखापर्यंत सारा देश ओलांडला जातो. आणि हा प्रवास कोणत्या काळातला? कोल्हापूरला आगगाडी आली ती १८९१ साली. तोवर येथून बाहेर पडणे म्हणजे नद्या आणि घाट ओलांडत गाडीरस्त्याने जाणे. भूजला तर तेव्हा आगगाडीचे नावही नव्हते. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग मात्र १८७० साली जबलपूरच्या वाटेने सलग झाला होता. तेव्हा या दांपत्याचा परदेशाचा प्रवास आगबोटीत सुरू झाला असे मी मानीत नाही. तो फार आधी, देशातल्या देशात, पेट्या-वळकट्या बांधता बांधता सुरू झाला होता.

त्यातही कोल्हापूरचा मुक्काम महत्त्वाचा. अमेरिकेला जायचे हा विचार प्रथम कागदावर उतरला तो येथे. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. त्या गृहस्थांचे नाव वाइल्डर. ते पुष्कळ वर्षे कोल्हापुरात राहून मायदेशी परतले होते आणि तिकडे मिशनकार्याचे एक नियतकालिक चालवीत होते. बायकोच्या शिक्षणासाठी आम्हा दोघांना अमेरिकेत येता येईल काय, मला तेथे एखादी नोकरी मिळेल काय, असा पत्राचा आशय. वाइल्डरसाहेबांचे उत्तर ख्रिस्ती होण्याच्या उपदेशाचे होते, आणि पत्र व उत्तर दोन्ही त्यांनी आपल्या नियतकालिकात छापली. मदत मिळाली नाही ती नाहीच. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला आणि या अनोळखी मुलीबद्दल त्यांना माया वाटली. पुढचा सारा पत्रव्यवहार, अमेरिकेतला आसरा आणि कार्पेंटर ‘मावशी’ ही सर्व त्या कोल्हापूरच्या पत्राची फळे. जे पत्र फुकट गेले असे वाटत होते, तेच फळाला आले.

या पत्रातला एक शब्द मी मुद्दाम लक्षात ठेवतो, आणि वाचकांनीही ठेवावा : ‘दोघांना.’ मूळ बेत दोघांनी जाण्याचा होता. आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजातील सभागृहात जे इंग्रजी भाषण केले, त्यात लोकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. अमेरिकेलाच का जातेस? हिंदुस्थानात सोय नाही काय? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय? आणि त्यातच एक प्रश्न, एकटी का जातेस? त्याचे उत्तर साधे, घरगुती आणि म्हणूनच हृदयाला भिडणारे आहे. आधी दोघांनी जायचे ठरले होते. पण पैसा पुरेसा नाही, आणि नवऱ्यामागे वृद्ध माणसांचे व धाकट्या भावांचे पोषण आहे. ज्या प्रसंगाला आपण एका स्त्रीच्या एकाकी धैर्याचे स्मारक मानतो, त्याच्या मुळाशी घरातल्या जमाखर्चाचा हा हिशेब आहे. धैर्य त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट ते ओळखीचे होते. आपल्या घरांतूनही अशीच बेरीज-वजाबाकी करून एकाला पुढे पाठवतात आणि दुसरा मागे राहतो.

आता या रस्त्याचे लेखन कसे झाले ते पाहू. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलाइन डॉल या बाईंनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले, आणि १८८९ साली काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र आले. स्त्रीने स्त्रीचे चरित्र लिहावे ही गोष्टच तेव्हा नवी. तीतही काशीबाईंना एक अधिकार होता. त्याही नवऱ्याच्या आग्रहाने, घरच्यांचा रोष पत्करून, चोरून-लपून शिकलेल्या. नवरा गुरू झाला की संसारात काय काय घडते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांनी चरित्राचा आधार धरला तो पत्रांचा. आनंदीबाईंची पत्रे आणि गोपाळरावांची पत्रे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी आपल्या नायिकेला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. आज शंभराहून अधिक वर्षांनी हे पुस्तक वाचताना भाषा जुनी वाटते; पण माणसे जुनी वाटत नाहीत, याचे श्रेय या पद्धतीला आहे.

परंतु पत्रांच्या आधारे लिहिलेल्या चरित्राला एक मर्यादा जन्मतःच चिकटलेली असते, आणि तिच्याकडे आपल्या टीकाकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. नवरा-बायको एकमेकांना पत्रे लिहितात ती दूर असताना. एका छपराखाली राहणाऱ्यांना पत्रांची गरज नसते. आनंदी-गोपाळांचा पत्रव्यवहार भरघोस आहे तो १८८३ च्या एप्रिलनंतर, म्हणजे समुद्र मध्ये आल्यावर. त्याआधीची नऊ वर्षे, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि कलकत्ता, ही सारी सहवासाची. सहवासाला पत्रे नसतात. म्हणून या जोडप्याच्या आयुष्याचा जो भाग वियोगाचा, तो लख्ख उजेडात आहे. जो सहवासाचा, तो अंधुक आहे. गोपाळरावांचा सारा जन्म लोकांची पत्रे पोचवण्यात गेला. त्यांच्या स्वतःच्या संसाराचा सगळ्यांत महत्त्वाचा काळ मात्र पत्रावाचून राहिला.

कोणी म्हणेल, कार्पेंटरबाईंना लिहिलेली पत्रे आहेत ना? आहेत, आणि ती मोलाची आहेत. पण ती एका दूरच्या, न पाहिलेल्या मावशीला, परक्या भाषेत लिहिलेली आहेत. परक्या घरी पत्र लिहिताना मुलगी आपल्या घराची अब्रू राखते. त्या पत्रांत देशाच्या चालीरीती आहेत, बायकांच्या हालांविषयी कळकळ आहे, रस्त्यात होणाऱ्या टवाळीचे दुःखही आहे. नवऱ्याविषयी कृतज्ञता तर जागोजाग आहे. नाही ती तक्रार. आणि तक्रार नाही म्हणून दुःख नव्हते, असे ज्याला वाटेल त्याने संसार पाहिलेला नाही.

याच्या शेजारी दुसरे एक पुस्तक ठेवून पाहण्यासारखे आहे. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. तेथेही नवरा वडीलधारा, तेथेही अकरा वर्षांची बायको, तेथेही घरच्या बायकांचा विरोध आणि नवऱ्याचा शिकवण्याचा हट्ट. तेथेही प्रवास आहेच. न्यायमूर्तींच्या फिरतीच्या नोकरीत रमाबाई गावोगाव बरोबर हिंडल्या आणि मुक्कामा-मुक्कामाला शिकल्या. १८८६ च्या सुमारास रानडे सरकारी कामासाठी कलकत्त्यास गेले, तेव्हा त्या बरोबर होत्या. न्यायमूर्ती दाढी करून घेता घेता न्हाव्याला बंगाली शब्द विचारीत, हा तिथला प्रसंग कोण वाचक विसरेल? सहवासाचे असे शेकडो बारीकसारीक कण रमाबाईंनी टिपले, कारण त्यांना आयुष्य मिळाले. नवऱ्याच्या मागे राहून, मागे वळून पाहण्याइतकी वर्षे मिळाली. आनंदीबाईंना ती मिळाली नाहीत. त्या जगत्या तर पन्नाशीला त्यांनी आठवणी लिहिल्या असत्या आणि भूजच्या मुक्कामातली एखादी हसण्यासारखी गोष्ट आज आपल्या दिवाळी अंकांत फिरत असती. लिहिणारी गेली की सहवास मुका होतो.

मुक्या जागी कादंबरीकार येतो. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ प्रसिद्ध झाली आणि ती घराघरांत पोचली. मराठीतल्या चरित्रात्मक कादंबऱ्यांत तिची जागा मानाची आहे, आणि ती मी नाकारीत नाही. शीर्षकापासूनच जोशींची नजर अचूक आहे. नुसती ‘आनंदी’ नव्हे, ‘आनंदी गोपाळ’. दोन नावांच्या मध्ये एक अव्ययसुद्धा नाही. ज्या सहवासाची पत्रे नाहीत तो आपल्याला लिहायचा आहे, हे त्यांनी ओळखले. लग्नापासूनच्या त्या वर्षांना त्यांनी संवाद दिले, घरे दिली, दिवेलागणी दिल्या. स्वयंपाकघरात रमलेल्या बायकोला अभ्यास सोडला म्हणून मारणारा नवरा हा प्रसंग तर आता दंतकथेसारखा सर्वांच्या तोंडी आहे. लोक स्वयंपाक नीट न केल्याबद्दल मारतात, हा गृहस्थ स्वयंपाक केल्याबद्दल मारतो!

माझा आक्षेप येथे सुरू होतो. गोपाळरावांचा विक्षिप्तपणा ही कादंबरीकाराला सापडलेली सोन्याची खाण आहे, आणि तिच्या लोभात रस्ता हरवला आहे. गाव बदलते, बिऱ्हाड बदलते, पण ते नाटकातला पडदा बदलावा तसे. नवा पडदा, पुढे तेच गोपाळराव, त्यांची नवी तऱ्हा. त्या तऱ्हेवर आपण चिडतो, हसतो, क्वचित हळहळतो, आणि त्या गडबडीत बिऱ्हाडाच्या कोपऱ्यात काय चालले आहे याकडे आपले लक्ष राहत नाही. तेथे एक मूल जन्मते आणि दहा दिवसांत जाते. आई तेरा-चौदा वर्षांची. तेथे ती मुलगी इंग्रजी शिकते. तेथे ती मुंबईच्या रस्त्यातून पुस्तके घेऊन शाळेला जाताना लोकांच्या नजरा आणि टोमणे सोसते. आणि तीच मुलगी श्रीरामपूरच्या सभेत उभी राहून विद्वानांच्या तोंडावर एकेक प्रश्न घेते आणि एकेक उत्तर देते. कल्याणची यमुना श्रीरामपूरची आनंदीबाई कोठे झाली? रस्त्यात झाली. गावामागून गाव सोडताना, ओळखीची माणसे मागे टाकताना, जिथे कोणाला आपले नावही माहीत नाही अशा मुलखात बिऱ्हाड मांडताना झाली. परदेशात एकटे राहण्याची जी तालीम लागते ती तिला देशातच मिळाली. कादंबरीत हे बदलणे नवऱ्याच्या हातून घडते. ओली माती आणि कुंभार असे त्याचे रूप होते. मातीला स्वतःचे काही म्हणणे असते, हे कुंभाराच्या गोष्टीत सहसा येत नाही.

आणि तिचे म्हणणे काय होते ते सांगणारा कागद सुदैवाने आहे. अमेरिकेत गेल्यावर गोपाळराव तिला खरमरीत पत्रे लिहू लागले. पोशाख का बदलला, फोटोत अशी का दिसतेस, तिकडचे वारे लागले काय, असे संशय. त्यांना उत्तर देताना आनंदीबाईंनी एका पत्रात मागला हिशेब काढला. दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके व टाकून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा, असे वर्षावार. एवढे लिहून झाल्यावर त्या आरोप करीत नाहीत, आणि माफीही करीत नाहीत. तुमचे वागणे चांगले होते की वाईट हे ठरवणे कठीण आहे, आणि मला विचाराल तर ते दोन्ही होते, अशा अर्थाचे त्या लिहितात. मुलीच्या मनावर अशा वागण्याचा काय परिणाम होतो, तिला विरोध करण्याचा अधिकारच नसतो, हेही त्या शांतपणे नोंदवतात.

मराठी गद्यात नवऱ्याविषयी बायकोने लिहिलेले इतके तोलून-मापून लिहिलेले वाक्य त्या काळात दुसरे क्वचितच असेल. आमच्या कोल्हापुरात आजही चार सुशिक्षित माणसे जमली आणि हा विषय निघाला की दोन तट पडतात. गोपाळराव नसते तर आनंदीबाई झाल्या नसत्या, असा एक. त्यांनी त्या पोरीचा छळ केला, असा दुसरा. दोन्ही तट मोठ्या आवेशाने भांडतात, आणि जिच्यावरून भांडतात तिने हा खटला केव्हाच ऐकून निकाल दिलेला आहे याची दोघांना दाद नसते. तिचा निकाल दोन्ही पक्षांना गैरसोयीचा आहे. ‘दोन्ही’ हा शब्द पेलायला जड असतो.

आता पाहा, सहवासाची ही कहाणी लिहिली गेली कोठून? हजारो मैलांवरून. जोडीने रस्ता चालत असताना तिला जे बोलता आले नाही, ते समुद्र मध्ये आल्यावर लिहिता आले. म्हणजे मघाशी जी मर्यादा म्हणून मी सांगितली, तीच एका जागी बळ होते. वियोगाच्या पत्रात सहवासाचा खरा जबाब आहे. काशीबाईंच्या चरित्रपद्धतीचे मोल येथे कळते. गोपाळराव हयात असताना, पत्रे त्यांच्याच हातून मिळवून, या बाईंनी नायिकेचा आवाज नवऱ्याच्या आवाजाखाली दडपू दिला नाही. त्यांचे पुस्तक कादंबरीइतके रंगत नाही. पण वाचून मिटल्यावर कानात राहतो तो आवाज आनंदीबाईंचा असतो. कादंबरी मिटल्यावर राहतो तो गोपाळरावांचा. एकाच संसाराची ही दोन वाचने, आणि त्यांतला फरक गुणवत्तेपेक्षा लेखणी कोणाच्या बाजूला झुकली याचा आहे.

हा फरक जुन्या काळापुरताच आहे असेही नाही. जोडीने केलेल्या परदेशप्रवासाचे मराठीतले सर्वांत लाडके पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’, १९६० सालचे. त्या पुस्तकाने आपल्याला पोटभर हसवले. पुढे तीस वर्षांनी, १९९० साली, सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ आले, आणि एका संसाराला दोन लेखण्या असू शकतात, दोन्ही खऱ्या असू शकतात, हे मराठी वाचकाने प्रथम इतक्या जवळून पाहिले. काहींना ते रुचले नाही. मला मात्र वाटते, आनंदीबाईंनी जे एका पत्रात आटोपले, ते सांगण्याची उसंत सुनीताबाईंना मिळाली.

२०१९ साली समीर विद्वांस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट आला. नव्या पिढीला हे नाव त्याने दिले, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. पण दोन-सव्वादोन तासांच्या खेळाला बदल्यांचा जमाखर्च परवडत नाही. त्यात गोपाळराव आपल्याला अधिक आवडू लागतात; रागीट, पण आतून हळवा असा नवरा पडद्यावर शोभतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो. ‘दोन्ही’ या शब्दातला एकच अर्धा भाग घेऊन तो घरी जातो.

आणि या जोडप्याच्या प्रवासातला सर्वांत विलक्षण भाग तर कोणाच्याच लेखणीला नीटसा सापडला नाही, असे मला वाटते. दोघांनी मिळून जायचे म्हणून निघालेले हे दोघे अखेर दोन दिशांनी गेले. आनंदीबाई कलकत्त्याहून पश्चिमेकडे निघाल्या आणि १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव पुढे पूर्वेकडे निघाले. ब्रह्मदेश, चीन, जपान करीत १८८५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रॅन्सिस्कोला लागले. तेथून तो अवाढव्य देश त्यांनी आडवा ओलांडला, ठिकठिकाणी व्याख्याने देत. त्या व्याख्यानांत अमेरिकेच्या समाजावर आणि मिशनऱ्यांवर त्यांनी इतकी झोड उठवली की बायकोला आसरा देणाऱ्या माणसांना संकोच व्हावा. ती शिकत होती, तो भांडत येत होता. पृथ्वीला दोन बाजूंनी वळसा घालून दोघे फिलाडेल्फियात भेटले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. पदवीदानाला पंडिता रमाबाईही इंग्लंडहून आल्या होत्या.

त्यानंतर ऑक्टोबरात दोघे निघाले आणि नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला पोचले. म्हणजे समुद्रावरचा प्रवास दोघांनी मिळून केला तो एकच, परतीचा. आणि त्या प्रवासात ती क्षयाने खंगत होती. १८७८ साली कोल्हापुरातून लिहिलेल्या पत्रातला ‘दोघांना’ हा शब्द आठ वर्षांनी खरा झाला, तो असा. चरित्रकारांनी ही परत यात्रा शोकांतिकेचा शेवटचा अंक म्हणून लिहिली आहे. मी ती वाचताना माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो. ज्यांनी एकमेकांना इतके कडू-गोड लिहिले, ते दोघे त्या बोटीवर समोरासमोर काय बोलले असतील? पुन्हा सहवास, म्हणून पुन्हा पत्रे नाहीत.

आजच्या दिवाळीतही कितीतरी घरांत फराळाच्या ताटावर परदेशी जायच्या गोष्टी चालल्या असतील. मुलगा-सून जोडीने निघाले असतील, किंवा एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने मागाहून, असा हिशेब मांडला जात असेल. त्या घरांत ही पुस्तके असावीत असे मी सुचवीन. पण क्रम माझा. आधी काशीबाईंचे चरित्र वाचावे, पत्रांसकट. मग श्री. जं.ची कादंबरी वाचावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक बदलीपाशी क्षणभर थांबून कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहावे. हाताशी असल्या तर रमाबाई रानड्यांच्या आठवणीही ठेवाव्यात, म्हणजे सहवास लिहिता आला असता तर तो कसा दिसला असता याची कल्पना येते. कादंबरीचे हे दोष मी सांगितले ते तिची किंमत कमी व्हावी म्हणून नव्हे. तिने पोकळी भरली. आपण ती भरलेली जागाच इतिहास समजू नये, एवढेच.

कोल्हापूरचा एक धागा सांगायचा राहिला. पदवी मिळाल्यावर आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पुढे शाहू महाराजांच्या काळात कृष्णाबाई केळवकर यांनी तेथे डॉक्टर म्हणून काम केले. पण पहिली नेमणूक जिची, ती रुजू झालीच नाही. १८८७ साली ती दोघे आली असती, तर कोल्हापूरला त्यांना पूर्वीसारखे रस्त्यानेच यावे लागले असते. आगगाडी अजून चार वर्षे लांब होती. गाडीत पुन्हा तेच दोघे असते, तेच घाट, त्याच नद्या. फक्त नेमणुकीचा हुकूम या वेळी तिच्या नावाचा असता, आणि पेट्या-वळकट्या घेऊन बरोबर निघायचे असते ते गोपाळरावांना.